लोखंड काढून ठेवलेले भाले

बाराव्या शतकातील लंडन शहराचे एक वर्णन उपलब्ध आहे. आर्चबिशप टॉमस बेकेट याचा 1170 मध्ये कँटरबरीच्या चर्चमध्ये वध झाला. त्यानंतर काही वर्षांतच त्याच्या परिवारातील विल्यम फिट्झस्टीफन याने त्याचे चरित्र लिहिले आणि त्याला आपल्या आवडत्या शहराचे वर्णन प्रस्तावना म्हणून जोडले. त्यात बाजार आहेत, विहिरी आहेत, चर्च आहेत, आणि मुलांचे खेळही आहेत. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात दर रविवारी जेवणानंतर नागरिकांची मुले ढाली व भाले घेऊन वेशीबाहेर धाव घेत आणि मैदानात लुटुपुटीची लढाई रचीत. या वर्णनात फिट्झस्टीफन एक लहानसा तपशील सहज नोंदवून जातो : त्यांच्यातील धाकट्यांच्या भाल्यांचे लोखंडी टोक काढून ठेवलेले असे.

मुलांच्या लढाऊ खेळासाठी मोठ्यांचा नियम बदलून घेतल्याच्या जुन्या नोंदींपैकी ही एक म्हणावी लागेल. हा बदल कोणी केला, राजाज्ञेने की आईबापांच्या धाकाने, हे लेखक सांगत नाही. त्याला त्यात सांगण्याजोगे काही वाटले नसावे, इतकी ती रोजची गोष्ट होती.

त्याच ग्रंथात थेम्स नदीवरील एक खेळ येतो. ईस्टरच्या सुटीत नदीच्या मध्यभागी खांब रोवून त्यावर ढाल बांधीत. प्रवाहाच्या वेगाने धावणाऱ्या नावेत एक तरुण भाला रोखून उभा राही. ढालीवर आदळून भाला मोडला आणि तो स्वतः उभा राहिला, तर तो जिंकला. भाला न मोडला तर तो नदीत फेकला जाई. म्हणून खांबाच्या दोन्ही बाजूंना दोन नावा तयार ठेवलेल्या असत, आणि पडलेल्याला पाण्यावर डोके दिसताच ओढून घेण्यासाठी त्यांत पोरे बसलेली असत. पुलावर आणि काठावर हसणाऱ्यांची गर्दी होई ती वेगळीच. हिवाळ्यात मात्र शहराच्या उत्तरेकडील दलदल गोठली की हेच तरुण जनावरांच्या नळीची हाडे पायांना बांधून बर्फावर घसरत येत व काठ्या उगारून एकमेकांवर आदळत. तेथे पंच नव्हता, नाव नव्हती, नियम नव्हता. हात किंवा पाय मोडणे नित्याचेच होते. तारुण्य कीर्तीला हपापलेले असते, एवढे म्हणून लेखक पुढे जातो. एकाच शहरातील, एकाच वयाची ही मुले नदीवर सांभाळली जात आणि बर्फावर मोडून घेत.

थोरांच्या लढाऊ खेळांत नियम आले ते रक्त सांडल्यानंतर. त्या काळची 'टूर्नामेंट' म्हणजे दोन फळ्यांची खुल्या रानात, गावागावांतून चालणारी झुंज असे. 1130 मध्ये क्लेरमाँ येथील धर्मसभेने तिच्यावर बंदी घातली आणि तीत मेलेल्याला ख्रिस्ती दफन नाकारले. ही बंदी 1316 पर्यंत कागदावर राहिली आणि सरदारांनी ती जवळजवळ तेवढाच काळ मोडली. 1240 मध्ये जर्मनीतील नॉइस येथे एकाच टूर्नामेंटमध्ये साठांहून अधिक माणसे दगावल्याचे इतिवृत्तकार सांगतात. त्यातील कित्येक शस्त्राने नव्हे, तर उन्हात चिलखताखाली आणि धुळीत गुदमरून गेले. पोलादी पोशाख घालून उन्हात उभ्या राहणाऱ्या आजच्या हौशी योद्ध्यांना पाणी पाजण्यासाठी स्वतंत्र माणसे नेमलेली असतात, ही गोष्ट येथे आठवते.

यापुढची घटना अधिक बोलकी आहे. 1252 मध्ये इंग्लंडमधील वॉल्डन येथे 'राउंड टेबल' नावाने ओळखला जाणारा खेळ भरला. तोपर्यंत बोथट शस्त्रे वापरण्याची रीत रूढ झाली होती. रॉजर ऑफ लेबर्न याच्या भाल्याने आर्नॉल्ड द मॉन्तिन्यी हा सरदार गळ्यात जखम होऊन जागीच मेला. सेंट ऑल्बन्सचा मठवासी इतिवृत्तकार मॅथ्यू पॅरिस सांगतो की, भाल्याचे फळ जखमेतून काढले तेव्हा ते बोथट असायला हवे होते, पण सुरीसारखे धारदार निघाले. पूर्वीच्या एका झुंजीत याच आर्नॉल्डने रॉजरचा पाय मोडला होता, हेही लोकांच्या ध्यानात होते. रॉजरच्या मनात काय होते, याचा निवाडा आता कोणी करू शकत नाही. नियम होता, पण शस्त्र मैदानात उतरण्यापूर्वी ते तपासणारा कोणी नव्हता, किंवा असला तर त्याने पाहिले नव्हते.

चाळीस वर्षांनंतर, 1292 च्या सुमारास, इंग्लंडात टूर्नामेंटसाठी शस्त्रविषयक कायदा झाला. टोकदार तलवार, टोकदार खंजीर, सोटा, गदा ही सारी वर्ज्य ठरून केवळ खेळासाठी केलेली रुंद तलवार तेवढी राहिली. एका सरदाराने आपल्याबरोबर किती सेवक-योद्धे आणावेत यालाही मर्यादा घातली गेली. नियम मोडणाऱ्याला घोडा व शस्त्रसामग्री गमावण्याची आणि कैदेची शिक्षा होती. या कायद्यातील सर्वांत शहाणे कलम मात्र लढणाऱ्यांविषयीचे नाहीच. ते प्रेक्षकांविषयीचे आहे : पाहायला येणाऱ्यांनीही शस्त्र आणू नये. खेळातील भांडण मैदानात नव्हे, मैदानाच्या कडेला पेटते, हे ज्याला ठाऊक होते अशा माणसानेच ते लिहिले असणार.

तरीही राजे मरतच होते. 1559 मध्ये पॅरिसमधील सेंट अँत्वान रस्त्यावर, विवाह व तहाच्या उत्सवात, फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री हा आपल्याच शरीररक्षक दलाचा कप्तान माँटगोमरी याच्याशी भाल्याने खेळला. भाला मोडला आणि त्याची ढलपी शिरस्त्राणाच्या झरोक्यातून राजाच्या डोळ्यापाशी घुसली. दहा दिवस यातना भोगून 10 जुलै रोजी वयाच्या चाळिसाव्या वर्षी तो वारला. शस्त्र बोथट होते, चिलखत उत्तम होते, प्रतिस्पर्धी स्वामिनिष्ठ होता. झरोका तेवढा मोठा राहिला.

हा सारा इतिहास पुस्तकांत विसावला असता. पण 1 मे 1966 रोजी अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील बर्कले येथे, मध्ययुगीन साहित्याचा अभ्यास करणाऱ्या डायना पॅक्सन या विद्यार्थिनीच्या घरामागील अंगणात काही मित्रमंडळी जमली. त्यांनी मध्ययुगीन पोशाख घातले, लाकडी तलवारी आणि पट्टेबाजीचे मुखवटे घेतले आणि एक टूर्नामेंट खेळले. शेवटी विसाव्या शतकाचा निषेध म्हणून टेलिग्राफ ॲव्हेन्यूवरून मिरवणूकही काढली. त्या एका दुपारच्या गंमतीतून 'सोसायटी फॉर क्रिएटिव्ह ॲनॅक्रॉनिझम' ही संस्था जन्माला आली. आज तिची वीस 'राज्ये' आहेत, आणि प्रत्येक राज्याला लढून निवडलेला राजा आहे. इतिहास वाचण्यापेक्षा तो अंगावर घालून पाहावा, अशी ही चळवळ आहे. तिला पोरखेळ म्हणून हिणवणे सोपे आहे. तथापि चिलखत घालून पाच मिनिटे लढलेल्या माणसाला नॉइस येथे काय घडले असेल हे एखाद्या प्राध्यापकापेक्षा लवकर उमगते, हेही खरे.

तलवारीसाठी या मंडळींनी शेवटी वेत निवडला. लाकूड मोडले की त्याची टोकदार ढलपी निघते. वेत मात्र फुटला तरी त्याचे धागे विस्कटत राहतात, भोसकत नाहीत. आपल्याकडील जुन्या पिढीला वेताचा परिचय वेगळ्या प्रसंगी आणि तळहातावर झाला असेल, पण त्याचा चिवटपणा तोच. प्रौढांच्या शस्त्रासाठी किमान सव्वा इंच जाडीचा वेत आणि वर चिकटपट्टीचे वेष्टन, असा नियम झाला. आरंभी काहींनी शीतक वायूच्या रिकाम्या टाक्या कापून शिरस्त्राणे केली. पुढे पोलादाची जाडी ठरली आणि चेहऱ्यापुढील जाळीत एक इंच व्यासाचा दांडा शिरता कामा नये अशी कसोटी आली. दुसऱ्या हेन्रीच्या डोळ्यापाशी राहिलेली फट अशा रीतीने चारशे वर्षांनंतर मोजून बंद झाली.

मग प्रश्न आला तो मुलांचा. अंगणात खेळणारे ते तरुण संसारी झाले, त्यांची मुले मैदानाच्या दोरीबाहेर बसून आईवडिलांना लढताना पाहू लागली, आणि एके दिवशी तीही तलवार मागणार हे उघडच होते. नकार दिला तर ती पोरे तंबूमागे काठ्या घेऊन लढणार. फिट्झस्टीफनच्या बर्फावरील पोरांप्रमाणे, पंचाविना. होकार द्यायचा, तर कोणत्या नियमांनी?

पहिला मोह असतो तो मोठ्यांचेच सारे आकाराने लहान करून देण्याचा. तसे करणे चूक ठरते, कारण मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे. शरीराच्या मानाने त्याचे डोके मोठे व जड असते आणि मानेचे स्नायू दुबळे असतात. पोलादी शिरस्त्राण त्याच्या डोक्यावर ठेवले, तर आघातातून ते जितके वाचवील तितकेच मानेला आपल्या वजनाने ताणील. वाढत्या हाडांच्या टोकांशी, सांध्यांलगत, अजून कूर्चा असते. तेथे बसलेला मार केवळ दुखत नाही, हाडाची वाढच बिघडवू शकतो. प्राचीन रोमन शिक्षणाची परंपरा सांगणाऱ्या व्हेजिशियसने नवख्या सैनिकाला दुप्पट वजनाची लाकडी तलवार देऊन खांबावर सराव करायला लावला होता आणि मध्ययुगातील सरदारांनी तो ग्रंथ आदराने वाचला होता. मुलांच्या बाबतीत ती रीत उलटवावी लागली.

म्हणून मुलांच्या लढतीत वेतही आला नाही. हलक्या नळीभोवती जाड फोम गुंडाळून केलेली तलवार, बर्फावरील हॉकीसारख्या खेळांत वापरतात तसे हलके शिरस्त्राण, गळा, जांघ, कोपर व गुडघा यांना संरक्षण, अशी सामग्री ठरली. वयाचे तीन गट झाले : 6 ते 9, 10 ते 13 आणि 14 ते 17. सर्वसाधारणपणे सर्वांत लहान गटात शस्त्राचा स्पर्श झाला की तो वार धरला जातो. वय वाढते तसा आघाताचा जोर थोडाथोडा वाढू दिला जातो. तपशील राज्याराज्यांत बदलतात. मधला गट सर्वांत अवघड. दहा वर्षांची सडपातळ मुलगी आणि तेराव्या वर्षी अचानक उंच झालेला मुलगा कागदावर एकाच रांगेत उभे असतात. कुस्तीच्या फडात जोड लावणाऱ्या वस्तादाला ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही. नियम वर्षे मोजतो, जोड नजरेने लावावी लागते.

महाराष्ट्राच्या तालमींतही ही समज होती. दांडपट्टा व तलवार हाती येण्यापूर्वी फरी-गदगा खेळत : लहानशी चामड्याची ढाल ती फरी आणि चामडे गुंडाळलेली काठी तो गदगा. वार लागला तर वळ उठेल, पण धार नाही आणि टोकही नाही. अमेरिकेतील फोमची तलवार पाहून हसणाऱ्याने आधी आपल्या आखाड्यातील गदग्याची आठवण करावी.

शस्त्र आणि शिरस्त्राण यांपेक्षा अवघड भाग माणसांचा होता. या खेळात वार लागला की नाही हे पंच सांगत नाही. ज्याला लागला त्याने स्वतः कबूल करायचे असते. तीस वर्षांच्या माणसाला ते जड जाते, सात वर्षांच्या मुलाला किती जाईल याची कल्पना करावी. त्यातून आईवडील दोरीपाशी उभे असले, तर मूल वाराकडे न पाहता त्यांच्या चेहऱ्याकडे पाहते. 1292 च्या कायद्याने प्रेक्षकांच्या हातातील सोटा काढून घेतला होता. पालकांच्या तोंडचा आरडाओरडा काढून घेणे त्याहून कठीण आहे. म्हणून लहान गटांत पंच लढतीच्या अगदी जवळ राहतो, मुलाला थांबवून विचारतो, समजावतो. त्याचे काम अर्धे शिक्षकाचे होते.

आणि स्वतः पंचाविषयीही नियम करावे लागले. मुलांना शिकविणाऱ्या प्रौढाची पार्श्वभूमी तपासल्याखेरीज त्याला ते काम मिळत नाही. मुलांच्या कार्यक्रमात एकमेकांशी नाते नसलेले किमान दोन प्रौढ उपस्थित असलेच पाहिजेत. पालकांची लेखी संमती हवी. पहिल्या ऐकण्यात हे अपमानास्पद वाटते. वर्षानुवर्षे निरपेक्षपणे शिकविणाऱ्या सज्जनाला आपली चौकशी होत असल्याचे शल्य लागते आणि ते समजण्यासारखे आहे. परंतु वॉल्डनच्या मैदानातही सारे एकमेकांना ओळखत होते, सारे खानदानी होते, आणि म्हणूनच भाल्याचे टोक कोणी पाहिले नाही. तपासणी सर्वांची होते तेव्हाच ती कोणा एकावरचा संशय राहत नाही. शस्त्र कितीही मऊ केले तरी मुलाला इजा करणारे दुसरे मार्ग उरतात, आणि ते झाकण्यासाठी चांगुलपणाची ख्याती फार सोयीची असते.

लढत सुरू होण्यापूर्वी पंच प्रत्येक मुलाचे शस्त्र हाताने दाबून पाहतो, फोम विरला आहे का ते चाचपतो, शिरस्त्राणाचा पट्टा ओढून बघतो. कालच्या दिवशी तपासलेले शस्त्र आज पुन्हा तपासले जाते. मग तो मागे सरतो. यानंतर मैदानावर एका शब्दाचे राज्य असते : 'होल्ड'. पट्टा सुटला, कोणी अडखळले, दोरीखालून एखादे रांगते मूल आत आले, की हा शब्द उच्चारायचा. तो ऐकताच प्रत्येकाने जागच्या जागी थांबायचे. तो उच्चारण्याचा अधिकार राजाला आहे, पंचाला आहे, काठावर बसलेल्या आजीला आहे आणि पहिल्यांदाच तलवार धरलेल्या सहा वर्षांच्या मुलालाही आहे. त्याने तो उगाच उच्चारला तरी आधी सारे थांबतात. कारण नंतर विचारले जाते.