फऱ्याची ठेवण आणि रोटेटर कफ संधिविकार

खांद्याच्या पात्याचा, म्हणजे फऱ्याचा आकार व कल आणि खांदा फिरवणाऱ्या कंडरांची झीज, फाट व त्यातून पुढे उद्भवणारा संधिवात यांचा परस्परसंबंध. या संबंधाला दोन बाजू आहेत. फऱ्याची मूळ घडण कंडरांवरचा भार ठरवते, आणि कंडरा निकामी झाल्यावर रोग फऱ्याचाच आकार बदलून टाकतो. क्ष-किरण चित्रात दिसणारा आकार यांपैकी कोणत्या बाजूचा, हा या विषयातला सर्वांत कठीण आणि महत्त्वाचा प्रश्न आहे.

खांदा हा शरीरातला सर्वांत मोकळेपणाने हलणारा सांधा. फऱ्यावरची खोबण उथळ असल्याने भुजास्थीचा गोल माथा तिच्यात स्थिर राहतो तो मुख्यतः स्नायूंच्या बळावर. सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरेस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस हे चार स्नायू फऱ्यावर उगम पावतात. त्यांच्या कंडरा माथ्याभोवती वेढा घालतात. हाच रोटेटर कफ. हात उचलताना डेल्टॉइड स्नायू भुजास्थीला वर ओढतो आणि कफ तिचा माथा खोबणीत दाबून धरतो. फऱ्याचे वरचे बाहेर आलेले टोक, अंसकूट (ॲक्रोमियन), एकाच वेळी दोन कामे करते : कफवर छत धरते आणि डेल्टॉइडच्या मोठ्या भागाला उगमस्थान पुरवते. या विषयावरचे बरेचसे मतभेद यांपैकी कोणत्या कामाला महत्त्व द्यायचे, यावरूनच झाले आहेत.

आधी लक्ष गेले ते छताकडे. अमेरिकन शल्यचिकित्सक चार्ल्स नीअर यांनी १९७२ मध्ये १०० फऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. काहींच्या अंसकूटाखाली, पुढच्या कडेला, हाडाची वाढ आढळली. हात उचलताना कंडरा तेथे घासून झिजते, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि ती कड तासण्याची शस्त्रक्रिया सुचवली. १९८६ मध्ये बिग्लियानी आणि मॉरिसन यांनी अंसकूटाचे सपाट, वक्र आणि आकड्यासारखे असे तीन प्रकार पाडले. फाटलेल्या कंडरा तिसऱ्या प्रकारात अधिक सापडल्या. वर्गीकरण सोपे असल्यामुळे जगभर रुजले, पण त्याचा पाया तितका भक्कम नाही. एकाच चित्राचे वर्गीकरण दोन तज्ज्ञ वेगवेगळे करतात. पुढचा आकडा अनेकदा जन्मजात नसतो. कोरॅकोअॅक्रोमियल अस्थिबंध (अंसकूटाला फऱ्याच्या कोरॅकॉइड या पुढच्या टोकाशी जोडणारा) जिथे चिकटतो तिथे ताणामुळे वयपरत्वे हाड वाढत जाते. शिवाय बऱ्याच अर्धवट फाटी कंडरेच्या सांध्याकडील बाजूला, म्हणजे छताच्या विरुद्ध अंगाला असतात. कंडरा आतूनच जीर्ण होते, हा विचार तर अर्नेस्ट कॉडमन यांच्या १९३४ च्या ग्रंथापासून चालत आला आहे. त्यामुळे अहवालात ‘टाइप थ्री’ लिहून आले, एवढ्यावरून रुग्णाने कंडरा फाटणारच अशी धास्ती घेण्याचे कारण नाही.

अंसकूटाच्या दुसऱ्या कामाकडे पाहिल्यावर अधिक पटणारे उत्तर मिळू लागले. २००६ मध्ये निफेलर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की कफ फाटलेल्या रुग्णांत अंसकूट बाहेरच्या बाजूला अधिक लांब पसरलेले असते. २०१३ मध्ये झुरिकच्या मूर, गेर्बर आणि सहकाऱ्यांनी हा पसारा आणि खोबणीचा कल एकाच मापात आणला. खोबणीच्या खालच्या कडेपासून एक रेषा तिच्या वरच्या कडेकडे आणि दुसरी अंसकूटाच्या बाहेरच्या टोकाकडे काढायची. त्यांच्यामधला कोन म्हणजे ‘क्रिटिकल शोल्डर अँगल’. निरोगी खांद्यांत तो सरासरी सुमारे ३३ अंश, कफ फाटलेल्यांत ३८ आणि कफ शाबूत असूनही सांधा झिजलेल्यांत २८ भरला.

या आकड्यांमागची यंत्रणा समजण्यासारखी आहे. अंसकूट लांब आणि खोबण वरच्या दिशेने कललेली असली, की डेल्टॉइडची ओढ अधिक उभी होते. माथा वर सरकू पाहतो आणि त्याला आवरण्यासाठी सुप्रास्पायनेटसला जास्त बळ लावावे लागते. कोन लहान असला तर तीच ओढ माथ्याला खोबणीवर दाबते. कंडरा वाचते, कूर्चेवरचा दाब मात्र वाढतो. एकाच भूमितीतून दोन वेगळे रोग उलगडतात, हे या कल्पनेचे खरे बळ. तरीही काही अंशांचा फरक क्ष-किरण काढताना फरा थोडा फिरल्यानेही पडू शकतो, आणि पुढच्या सर्वच अभ्यासांत हा संबंध आढळलेला नाही. वय, धूम्रपान, आनुवंशिकता आणि कामाचा भार यांच्या जोडीने हा कोन विचारात घ्यावा.

कफची मोठी फाट दीर्घकाळ राहिली तर काही रुग्णांत ‘कफ टेअर आर्थ्रोपथी’ होते. डब्लिनच्या रॉबर्ट ॲडम्स यांनी १८५७ मध्ये अशा खांद्याचे वर्णन केले होते. आजचे नाव रूढ झाले ते नीअर, क्रेग आणि फुकुदा यांच्या १९८३ च्या लेखाने. पूर्ण फाटींपैकी सुमारे ४ टक्केच या थराला जातात, असा नीअर यांचा अंदाज होता. आता फऱ्याचा आकार रोगामुळे बदलू लागतो. माथा आणि अंसकूट यांच्यातले अंतर एरवी ७ ते १४ मिलिमीटर असते. हमादा यांच्या १९९० च्या वर्गीकरणात ते ५ मिलिमीटर किंवा कमी झाले की दुसरा टप्पा येतो. तिसऱ्यात माथ्याच्या दाबाने अंसकूटाची खालची बाजू खोलगट होते, चौथ्यात मूळ सांधाही अरुंद होतो आणि पाचव्यात माथा ढासळतो. खोबणही बहुधा वरच्या भागात झिजते. या अवस्थेतल्या चित्रावरून रोगाआधीचा फरा कसा होता, हे ठरवणे धोक्याचे.

उपचारांत आकाराच्या कल्पनेने उपकार केले तसे नुकसानही. अंसकूट तासण्याची शस्त्रक्रिया अनेक दशके सर्रास झाली. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत, पूर्ण फाट नसलेल्या रुग्णांना हाड तासल्याने केवळ दुर्बिणीने सांधा पाहण्यापेक्षा उल्लेखनीय फायदा झाला नाही, फिनलंडमधील चाचणीचा निष्कर्षही त्याच वर्षी तसाच आला. अशा दुखण्यात व्यायामोपचार आधी करणे हेच योग्य. मोठ्या फाटीत तर अंसकूट, कोरॅकॉइड आणि त्यांना जोडणारा अस्थिबंध यांची कमान हा माथ्याचा शेवटचा अडसर असतो. ती कापली तर माथा पुढे-वर निसटू शकतो आणि हात उचलणे अशक्य होऊ शकते.

आर्थ्रोपथीच्या पुढच्या टप्प्यांत, विशेषतः वयस्क रुग्णांसाठी, उलटा कृत्रिम सांधा वापरतात. फ्रान्समधील दिजाँच्या पॉल ग्रामाँ यांनी तो १९८५ मध्ये पुढे आणला. यात गोळा फऱ्यावर आणि वाटी भुजास्थीवर बसवतात. फिरण्याचे केंद्र आत आणि खाली गेल्याने डेल्टॉइड कफविना हात उचलू शकतो. येथेही फऱ्याची ठेवण आड येते : त्याची मान आखूड असल्यास वाटी खालच्या कडेवर घासून खाच पाडते, आणि ठिसूळ अंसकूट वाढलेल्या ताणाने तडकू शकते. वरून झिजलेल्या खोबणीचा कल दुरुस्त न करता गोळ्याची बैठक बसवली तर ती सैल होण्याचा धोका वाढतो. म्हणून हा कल शस्त्रक्रियेआधी सीटी स्कॅनवर मोजून घेतात.