चौकट सर्वांची, पुरवणी ज्याची त्याची

छापील अर्जाच्या तळाशी 'पुरवणी असल्यास जोडावी' असे वाक्य तुम्ही वाचले असेलच. पुरवणी नसली म्हणून अर्ज कोणी परत करीत नाही. संगणकाच्या जगातही या 'असल्यास'ला एक इतिहास आहे.

अमेरिकेत केंब्रिज येथे आयबीएमच्या केंद्रात १९६४ साली एका मोठ्या यंत्राची अनेक आभासी यंत्रे करण्याचे काम सुरू झाले. प्रत्येकाला वाटावे, सारे यंत्र आपल्या एकट्याचे! १९७२ साली जाहीर झालेल्या व्हीएम/३७० मध्ये सीएमएस ही प्रणाली सुरू होताच वापरणाऱ्याची 'प्रोफाइल एक्झेक' नावाची फाइल शोधी. सापडली तर तिच्यातल्या आज्ञा पाळी, न सापडली तर मुकाट्याने पुढे जाई.

२०१० साली मिचेल हाशिमोटो यांनी 'वेग्रंट' आणले. प्रकल्पासोबत 'वेग्रंटफाइल' ठेवायची, म्हणजे प्रत्येक सहकाऱ्याच्या संगणकावर तंतोतंत सारखेच आभासी यंत्र उभे राहते. पण माणसांचे संगणक कुठे सारखे असतात? एकाकडे सोळा जीबी स्मृती, दुसऱ्याकडे चारच. पहिल्याने आपल्या सोयीने सामायिक फाइलमध्ये आठ जीबी लिहिले, की दुसऱ्याचे यंत्र बसलेच!

वापरणाऱ्याच्या घरच्या फोल्डरमधली वेग्रंटफाइल वेग्रंट वाचते खरी, पण आधी, प्रकल्पाची नंतर. दोघींत विरोध आला तर बहुधा नंतरचीचे खरे. म्हणजे शेवटचा शब्द घरमालकाचा, बिऱ्हाडकरूचा नव्हे. तेव्हा लोकांनीच वाट काढली. वेग्रंटफाइल ही मुळात रूबी भाषेतली आज्ञावली. तिच्यातच लिहून ठेवायचे, की शेजारी अमुक नावाची फाइल असल्यास तीही वाच. वर्डप्रेसवर काम करणाऱ्यांच्या 'व्हीव्हीव्ही' या संचात या फाइलचे नाव होते 'कस्टमफाइल'. ती सामायिक भांडारात जात नाही, जिची तिच्यापाशी.

मला मात्र यात एक धास्ती वाटते. वेग्रंटचा जन्मच मुळी 'माझ्याकडे तर चालतंय बुवा!' हे उत्तर बंद पाडण्यासाठी झाला. भांडाराबाहेरच्या या फाइलमध्ये कोणी काय लिहिले, ते सहकाऱ्याला दिसत नाही, आणि ती रूबी असल्याने तिला काहीही करता येते. स्मृती वाढवणे ठीक. पण कोणी तिच्यातून पीएचपीची आवृत्तीच बदलली, तर ते उत्तर मागच्या दाराने परत आलेच की! पुढे व्हीव्हीव्हीने नेहमीच्या फेरफारांसाठी वायएएमएलची साधी फाइल दिली. तीत आज्ञा नसतात. नावे आणि त्यांच्यापुढे किमती, एवढेच.