सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट

मुंबईचे वादक चरणजीत सिंग यांची एलपी तबकडी. प्रकाशन एचएमव्ही, १९८२. निघाली तेव्हा ती फारशी कुणाच्या कानावर पडली नाही. २०१० मध्ये बॉम्बे कनेक्शन या डच कंपनीने ती पुन्हा तबकडीच्याच रूपात काढली आणि मग तिचा गाजावाजा झाला.

सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातले गिटार आणि कीबोर्ड वाजवणारे. ‘हरे रामा हरे कृष्णा’ (१९७१) मधील ‘दम मारो दम’ या गाण्यात ऐकू येणारे ट्रान्झिकॉर्ड, म्हणजे अकॉर्डियनच्या घाटाचे विजेवरचे वाद्य, त्यांनीच वाजवलेले. चित्रपटांत डिस्कोची चलती असताना त्यांनी तबल्याला सुट्टी दिली आणि रोलँड कंपनीची तीन यंत्रे एकमेकांना जोडली : ठेक्याला टीआर-८०८, खर्जाला टीबी-३०३ आणि सुरावटीला ज्युपिटर-८. भैरव, तोडी, ललत, यमन, मेघमल्हार, मालकंस असे दहा राग त्यावर वाजवले.

टीबी-३०३ मध्ये सोळा घरांत सूर भरून ठेवायचे. यंत्र तेच आवर्तन फिरवत राहते. एखाद्या घराला ‘स्लाइड’ लावली की तो सूर पुढच्या सुरावर घसरत जातो. मींडेचा हा ढोबळ भास ललतातल्या शेजारी-शेजारी येणाऱ्या दोन मध्यमांना शोभतो. तोडीत मात्र पंचाईत होते. गवयाचा कोमल गंधार कीबोर्डच्या पट्टीहून खाली उतरतो आणि यंत्र आपल्या जागेवरून हलत नाही. आलापी जवळजवळ नाहीच. रागदारीचा जाणकार ही उणीव धरील. पण पूर्व विदर्भात सिंदेवाही-वडशाकडे झाडीपट्टीच्या नाटकात ऑर्गन आणि ऑक्टोपॅड एकाच मांडवात रात्रभर ऐकलेल्याला यमनाखालचा यंत्राचा ठेका परका वाटू नये.

एडो बाउमन या डच संग्राहकाला मूळ तबकडी २००२ मध्ये दिल्लीतल्या एका दुकानात मिळाली. पुनर्प्रकाशनानंतर ही कुणा आजच्या संगीतकाराने केलेली थट्टा असावी, असा संशयही काहींनी घेतला. कारण शिकागोतील ‘अ‍ॅसिड हाउस’ या नृत्यसंगीताची पहिली तबकडी मानली जाणारी फ्यूचर या गटाची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ १९८७ ची, आणि तिच्यातही हेच ३०३ गुरगुरते. तेवढ्यावरून सिंग यांना त्या शैलीचे जनक ठरवणे अतिउत्साहाचे आहे. शिकागोच्या पोरांनी ही तबकडी ऐकली होती, असे दिसत नाही. गिटारवादकांना सरावाला साथ म्हणून काढलेले ३०३ बाजारात पडले, जुन्या मालात स्वस्त झाले आणि त्यांच्या हाती लागले, एवढेच.



सत्तरी ओलांडल्यावर सिंग युरोपातल्या रंगमंचांवर हे राग वाजवू लागले. समोरचे श्रोते उभ्याने नाचत ऐकत. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.