दोन हातांचा शोध : एका विस्मृत उपचाराचा इतिहास

१/ बंद पडलेल्या हृदयातूनही केवळ छाती दाबून रक्त वाहते ठेवता येते, हे ज्ञान वैद्यकास दोनदा गवसले. पहिल्यांदा ते विस्मृतीत गेले आणि सुमारे सात दशके तसेच पडून राहिले. त्याची ही कथा.

२/ १७६७ साली ॲमस्टरडॅममध्ये बुडालेल्यांना वाचवण्यासाठी एक संस्था स्थापन झाली. अंगास ऊब देणे, तोंडाने श्वास देणे, इतकेच नव्हे तर गुदद्वारातून तंबाखूचा धूर सोडणे हे तिचे उपाय! सारे लक्ष श्वासावर होते, हृदयावर नव्हते.

३/ १८९१, गोटिंगेन, जर्मनी. क्लोरोफॉर्म दिलेल्या रुग्णाचे हृदय थांबले. फ्रीडरिश मास या शल्यवैद्याने आपले वरिष्ठ कोनिग यांच्या पद्धतीने, मिनिटास ३० ते ४० वेळा, छाती दाबली. गुण येईना. घालमेलीत त्याचा वेग १२० च्या वर गेला आणि नाडी परतली.

४/ मासने हा अनुभव १८९२ साली प्रसिद्ध केला. परंतु शल्यवैद्यांनी छाती उघडून हृदय हाताने दाबण्याचा मार्ग धरला. तो शस्त्रक्रियागृहापुरताच होता. रस्त्यात कोसळलेल्यास त्याचा काय उपयोग?

५/ १९५८, जॉन्स हॉपकिन्स, बाल्टिमोर. कुत्र्यांवरील विद्युतझटक्यांच्या प्रयोगांत गाय निकरबॉकर यांना दिसले, की छातीवर जड इलेक्ट्रोड नुसते दाबताच रक्तदाब वाढतो. अभियंता कौवेनहोवेन व शल्यवैद्य ज्यूड यांच्यासह त्यांनी जुलै १९६० मध्ये निबंध प्रसिद्ध केला : २० रुग्णांपैकी १४ वाचले होते.

६/ त्याच शहरात पीटर सफार यांनी तोंडाने श्वास देण्याची परिणामकारकता सिद्ध केली होती. दोन्ही उपाय एकत्र आले आणि सीपीआर जन्मास आले. सरावासाठीची बाहुली घडवली नॉर्वेतील खेळणी बनवणाऱ्या आस्मुंड लार्डाल यांनी.

७/ तरीही प्रश्न उरलाच : हे करण्याचा अधिकार कोणाचा? १९६६ साली अमेरिकेत शिफारस झाली ती वैद्यकीय व आरोग्य कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाची. सामान्य नागरिकांनाही शिकवावे, ही शिफारस येण्यास १९७४ उजाडले.

८/ आजचा नियम : प्रौढ व्यक्ती प्रतिसाद देत नसेल, नीट श्वास घेत नसेल, तर रुग्णवाहिका बोलवावी आणि छातीच्या मध्यभागी ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटास १०० ते १२० वेळा दाब द्यावा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी.

९/ मासचा घाबरलेला हात १८९१ सालीच या वेगाला पोहोचला होता.