घरचे कुत्रे गेल्यानंतर लहान जातीचे कुत्रे आणताना : चंद्रपूर-गडचिरोलीत काय पाहावे?

दहा-बारा वर्षे घरात वावरलेले कुत्रे गेले की ओसरी सुनी वाटू लागते. काही दिवस कोणी विषय काढत नाही. मग मुलांपैकी कोणीतरी विचारते, दुसरे आणायचे का? त्यावर बहुतेक घरांत उत्तर ठरलेले असते : आणू, पण या वेळी लहान जातीचे. खायला कमी लागेल, आंघोळ घालणे सोपे जाईल, पाहुण्यांना भीती वाटणार नाही.

हा विचार चुकीचा नाही. मात्र पुण्या-मुंबईच्या फ्लॅटसाठी जे ‘सोपे कुत्रे’ ठरते, ते चंद्रपूर किंवा गडचिरोली जिल्ह्यात सोपे ठरेलच असे नाही. इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, अनेक वस्त्यांच्या कडेला बिबट फिरतो आणि कुत्र्या-मांजरांवर उपचार करणारा डॉक्टर कधी कधी शंभर किलोमीटरवर असतो. त्यामुळे जात निवडताना रंगरूपाआधी या तीन गोष्टींचा विचार करावा लागतो.

आधीचे कुत्रे कशाने गेले, हे का महत्त्वाचे?

नवे पिल्लू कधी आणायचे, हे बरेचसे आधीच्या कुत्र्याच्या मृत्यूच्या कारणावर अवलंबून असते.

पार्वो : रक्ती हगवण आणि उलट्या होऊन पिल्लू दगावले असेल, तर पार्वो विषाणूची शंका घ्यावी. हा विषाणू फारच चिवट आहे. जमिनीत आणि अंगणात तो कित्येक महिने टिकतो. फरशी आणि भांडी साबणाने धुऊन त्यावर ब्लीचचे पातळ द्रावण वापरता येते, पण मातीचे अंगण असे निर्जंतुक करता येत नाही. अशा घरात लसीचे सगळे डोस पूर्ण न झालेले पिल्लू लगेच आणू नये. लसीकरण झालेले मोठे कुत्रे आणणे तुलनेने सुरक्षित.

गोचीड ताप : ताप, अशक्तपणा, नाकातून रक्त, पांढरट हिरड्या ही लक्षणे होती का, ते आठवावे. हा आजार गोचिडांमार्फत पसरतो आणि कुत्रे गेले तरी गोचीड घरातून जात नाहीत. भिंतींच्या फटींत, खाटेच्या सांध्यांत आणि गोठ्यात त्या दडून राहतात. नवे कुत्रे येण्याआधी फटी बुजवणे, जुने अंथरूण जाळणे आणि पशुवैद्याच्या सल्ल्याने औषध फवारणे गरजेचे असते.

रेबीज : मरण्याआधी काही दिवस कुत्र्याचे वागणे अचानक बदलले असेल, लाळ गळत असेल, गिळता येत नसेल, आवाज बदलला असेल किंवा ते विनाकारण चावत असेल, तर नव्या पिल्लाचा विषय बाजूला ठेवून आधी घरातल्या माणसांचा विचार करावा. लक्षणे दिसण्याच्या काही दिवस आधीपासून अशा कुत्र्याच्या लाळेत विषाणू असू शकतो. त्याने ज्यांना चावले, ओरखडले किंवा जखमेवर चाटले, त्यांनी वेळ न दवडता सरकारी रुग्णालयात जाऊन लस घ्यावी. चावा ताजा असेल तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुणे हा पहिला उपचार. रेबीजची लक्षणे माणसात एकदा सुरू झाली की जीव वाचणे जवळपास अशक्य असते. लस वेळेत घेतली तर तो टाळता येतो.

बिबट्याने नेले असेल तर?

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या बफर क्षेत्रातील गावांत आणि ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड, वडसा, आरमोरी या पट्ट्यात रात्री अंगणातून कुत्रे नाहीसे होणे ही नवी गोष्ट नाही. शहरेही याला अपवाद नाहीत. चंद्रपूरजवळच्या दुर्गापूर आणि औष्णिक वीज केंद्राच्या परिसरात २०२२ मध्ये वाघ-बिबट्याच्या हल्ल्यांत माणसांचेही जीव गेले.

बिबट वस्तीकडे येण्याचे एक मोठे कारण कुत्रे हेच असते. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले परिसरात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३९ टक्के, पाळीव व गावकुत्र्यांचा निघाला. शेळ्यांचा वाटा त्याहून बराच कमी होता. तो भाग उसाचा आहे आणि इथे जंगल आहे, त्यामुळे आकडा जसाच्या तसा लागू होणार नाही. पण बिबट्याला कुत्रे हे सहज मिळणारे भक्ष्य वाटते, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच.

याचा अर्थ असा की एकदा ज्या अंगणातून कुत्रे गेले, त्याच अंगणात, त्याच खुंट्याला दुसरे बांधले तर तेही जाण्याची शक्यता असते. साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. शिवाय त्याच अंगणात पहाटे घरातली लहान मुले आणि म्हातारी माणसे उठून जात असतात. कुत्र्यामागे आलेला बिबट त्यांच्यासमोर उभा राहू शकतो.

इथे लहान जातीचा खरा फायदा दिसतो. मोठे कुत्रे घरात झोपवायला अनेकांची तयारी नसते. लहान कुत्रे मात्र घरात, दाराच्या आत राहू शकते. घरात झोपवणार असाल तरच ते आणावे, अशी खूणगाठ बांधलेली बरी. बाहेर ठेवणे भागच असेल तर वरून छत असलेली, चारही बाजूंनी मजबूत जाळीची आणि कडी लागणारी खोली हवी. नुसती कंपाउंडची भिंत बिबट्याला अडवत नाही. उरलेसुरले अन्न आणि मटणाची हाडे अंगणात न टाकणे, सांदवाडीतले झुडूप कमी करणे आणि रात्री दिवा सुरू ठेवणे याचाही उपयोग होतो.

उन्हाळा कोणत्या जातीला सोसवतो?

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तोंड उघडून धापा टाकत ते शरीरातली उष्णता बाहेर टाकते. ज्या जातींचे नाक चपटे असते, त्यांची श्वासाची वाट मुळातच अरुंद असल्याने हे काम त्यांना नीट जमत नाही. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात हा फरक जिवावर बेततो.

पग : एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीमुळे २००३ नंतर देशभर लोकप्रिय झाला. स्वभावाने प्रेमळ, मुलांत रमणारा. पण चपट्या नाकामुळे या दोन जिल्ह्यांसाठी सर्वांत जोखमीच्या निवडींपैकी एक. कूलर बंद पडला आणि वीज तासन्‌तास आली नाही, तर घरात असूनही त्याला उष्माघात होऊ शकतो.

शिह त्झू आणि ल्हासा अप्सो : दोन्ही तिबेटी परंपरेतल्या, लांब केसांच्या जाती. केसांची रोज निगा, उन्हाळ्याआधी केस कमी करणे आणि गोचिडांसाठी कातडी तपासणे हे काम कायमचे. शिह त्झूचे नाकही आखूड असते.

स्पिट्झ : घरोघरी ज्याला ‘पामेरियन’ म्हणतात, तो बहुतेक वेळा भारतीय स्पिट्झ असतो. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’ चित्रपटातला टफी याच प्रकारचा. केस दाट असले तरी नाक लांब आहे आणि भारतीय घरांत ही जात अनेक पिढ्या रुळली आहे. कोणी आले की भुंकून सांगते. दुपारी कूलरजवळ, गार फरशीवर जागा मिळाली तर निभावते. मात्र केस मुळापासून भादरू नयेत, त्यामुळे कातडी उन्हात भाजते.

डॅशहंड : आखूड केस, लांब नाक, लांब पाठ. उष्णतेच्या दृष्टीने वरच्या जातींपेक्षा बरा. पण पाठीच्या मणक्याचे दुखणे या जातीत बरेच आढळते, म्हणून जिना आणि पलंगावरून उड्या टाळाव्या लागतात. बीळ उकरण्याची त्याची उपजत सवय नाग, घोणस आणि मण्यार असलेल्या या भागात धोक्याची ठरते.

बीगल : वासामागे धावणारे शिकारी कुत्रे. रानडुकराचा किंवा सशाचा वास लागला की हाकेला थांबेलच असे नाही. जंगलाला लागून असलेल्या घरासाठी योग्य नाही.

उन्हाळ्यात फिरवणे पहाटे आणि सूर्य मावळल्यानंतरच करावे. रस्त्यावर हाताची पालथी बाजू काही सेकंद ठेवता येत नसेल, तर कुत्र्याचे पायही तिथे भाजतात. कुत्र्याचे सामान्य तापमान साधारण ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. जोरजोरात धापा, घट्ट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या ही उष्माघाताची लक्षणे. अशा वेळी सावलीत नेऊन अंगावर साधे पाणी ओतावे, पंखा लावावा आणि लगेच दवाखाना गाठावा.

गावठी पिल्लाचे काय?

इथल्या हवेत पिढ्यान्‌पिढ्या टिकलेले कुत्रे म्हणजे गावठी. ते ‘लहान जात’ नव्हे. मोठे झाल्यावर मध्यम आकाराचे होते. पण आखूड केस, लांब नाक आणि काटक प्रकृती यामुळे उन्हाळ्याचा प्रश्न बराच हलका होतो. लस, जंताचे औषध आणि नसबंदी मात्र त्यालाही तितकीच लागते. ते काटक आहे म्हणून रात्री बाहेर राहू शकते, हा समज खोटा. बिबट जात पाहत नाही.

दवाखाना किती दूर?

सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने तालुक्या-तालुक्यांत आहेत, पण त्यांचे मुख्य काम गुराढोरांचे. शस्त्रक्रिया किंवा गुंतागुंतीच्या तपासण्यांसाठी अनेकांना नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय गाठावे लागते. सिरोंचा, एटापल्ली, भामरागडहून हा प्रवास फार लांबचा. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. म्हणून श्वास, पाठ किंवा कातडीच्या तक्रारी ज्या जातीत वारंवार होतात, ती जात अशा ठिकाणी टाळलेली बरी.

लसी मात्र जवळही मिळू शकतात. डिस्टेंपर आणि पार्वोची लस ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू होते आणि १६ आठवड्यांचे होईपर्यंत ३-४ आठवड्यांच्या अंतराने पुन्हा द्यावी लागते. रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी. धानाच्या पट्ट्यात उंदीर आणि साचलेले पाणी असल्याने लेप्टोस्पायरोसिसची लसही विचारून घ्यावी.

जंगलालगत लसीकरण हा फक्त घरचा प्रश्न राहत नाही. २०१८ मध्ये गुजरातच्या गीरमध्ये सिंहांच्या मृत्यूंमागे कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू आढळला होता. हा आजार कुत्र्यांकडून वाघ-बिबट्यांनाही होऊ शकतो.

पिल्लू कुठून घ्यावे, कधी घ्यावे?

कुत्र्यांच्या पैदास व विक्रीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार पैदास करणाऱ्याकडे राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी हवी आणि ८ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहावी, लसीचे कार्ड मागावे. एप्रिल-मेमध्ये बसने किंवा रेल्वेने पिल्लू मागवणे टाळावे. पावसाळा संपल्यानंतरचा काळ चांगला.

किती दिवस थांबावे याचे ठरलेले माप नाही. घरातल्या सगळ्यांची तयारी झाली की वेळ झाली. मुलांना ‘ते कुठेतरी गेले’ असे न सांगता ते मेले हे साध्या शब्दांत सांगितलेले बरे. नव्या पिल्लाला जुनेच नाव देऊ नये. तुलना सुरू होते आणि ते पिल्लू कायम कमीच पडते. लहान जातीची कुत्री १२ ते १५ वर्षेही जगतात. घरात फक्त म्हातारी माणसे असतील तर पिल्लाऐवजी शांत, वयात आलेले कुत्रे सांभाळायला घेणे सोयीचे.

निवड करण्याआधी घरात तीन प्रश्नांची उत्तरे ठरवावीत. रात्री ते कुठे झोपेल? मे महिन्यात दुपारी वीज गेली तर त्याची सोय काय? आजारी पडले तर कोण, कुठे आणि कशाने घेऊन जाईल? तिन्हींची उत्तरे असतील, तर जात निवडणे हे त्यातले सर्वांत सोपे काम उरते.