पुण्याचे हलके पाणी

पुणेकराला आपल्या शहराच्या ज्या गोष्टींचा अभिमान वाटतो, त्यांत हवा आणि पाणी यांचा क्रम बराच वरचा लागतो. आणि पाण्याविषयी बोलताना तो ‘शुद्ध’ या विशेषणापेक्षा ‘हलके’ हे विशेषण अधिक विश्वासाने वापरतो, कारण शुद्धतेचा दाखला मिळवणे कठीण, पण हलकेपणाचा दाखला घरची तुरीची डाळ रोज देत असते. ज्यात डाळ मऊ शिजते, साबणाला फेस येतो आणि जे पोटाला बाधत नाही ते पाणी हलके. ज्यात दाणे तासभर उकळूनही टणक राहतात, धुतलेले धोतर वाळल्यावर करकरते आणि तांब्याच्या बंबाच्या पोटात करडा, खरखरीत थर धरतो ते जड. ही परीक्षा अडाणी म्हणून हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पाण्यात विरघळलेले चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार डाळीच्या पेशींना जोडणाऱ्या द्रव्याशी बांधले जातात आणि ते द्रव्य सुटत नाही. म्हणजे प्रयोगशाळेतली नळी जे सांगते तेच स्वयंपाकघरातले पातेले सांगत होते, फक्त आकड्यावाचून.

आकडाच हवा असेल तर तोही आहे. एका लिटरमध्ये कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने साठ मिलिग्रॅमपर्यंत क्षार असले तर पाणी मृदू, एकशेऐंशीच्या वर गेले तर फार कठीण, असे सामान्यतः धरतात. आणि आपल्याकडील भारतीय मानकाने पिण्याच्या पाण्यात २०० पर्यंतचा कठीणपणा स्वीकारार्ह मानून दुसरी सोय नसेल तेथे ६०० पर्यंत सूट दिली आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस काळ्या कातळावरून घाईघाईने वाहत मुठा, मोसे आणि आंबी यांच्या खोऱ्यांत उतरतो. कातळाशी त्याची ओळख होण्याआधीच तो नदीला मिळालेला असतो, म्हणून त्याच्या अंगाला क्षार फारसे लागत नाहीत. तोच पाऊस सपाटीवर मुरला, चुनखडीचे खडे पोटात बाळगणाऱ्या काळ्या मातीतून झिरपला आणि खडकाच्या भेगांत वर्षानुवर्षे तुंबून राहिला, की जड होतो. खडक एकच, पाऊसही एकच. फरक पडतो तो मुक्कामाच्या लांबीने.

पेशवाईच्या आरंभी पुणे हे कसब्याभोवतीचे लहानसे गाव असताना ते नदीवर आणि आडांवर जगत होते. वाड्याच्या चौकात आड, त्यावर रहाट, शेजारी दगडी दोणी, ही मांडणी पुढे वस्ती दाटल्यावरही कायम राहिली. पण वस्ती दाटली तसा आडांचा स्वभाव बिघडला. मोऱ्यांचे आणि शौचकूपांचे झिरपलेले पाणी त्याच भेगांतून आडाला मिळू लागले, आणि आधीच जड असलेले पाणी मचूळ झाले. जुन्या वाड्यांत पिण्याचे पाणी वेगळे आणि वापरायचे वेगळे अशी जी पक्की वहिवाट दिसते, तिच्या मुळाशी हे आहे. सोवळ्याचे कारण मागाहून आले असावे, असे मला वाटते. जिभेचे आधी आले असेल.

नानासाहेब पेशव्यांनी १७४९ च्या सुमारास कात्रजच्या ओढ्यावर बंधारे घालून तेथून शहरापर्यंत नळ आणण्याची जी तजवीज केली, ती या दृष्टीने पाहिली म्हणजे तिचे खरे मोल कळते. कात्रजला तलाव दोन आहेत. वरच्यात गाळ बसावा आणि निवळलेले पाणी खालच्यात यावे, ही योजना. खालच्या तलावातून चुन्यात बांधलेला, माणूस आत उतरू शकेल एवढा प्रशस्त नळ जमिनीखालून निघतो आणि केवळ उताराच्या बळावर, कोणतीही मोट किंवा चाक न लावता, सुमारे आठ किलोमीटरवरच्या शनिवारवाड्याकडे येतो. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास उभारलेले. दगडी बांधणीचे हे मनोरे नळात कोंडलेली हवा मोकळी करीत आणि गाळ काढायला उतरण्याची वाटही देत. शहरात शिरल्यावर हे पाणी हौदांत वाटले जाई. काळा हौद, फडके हौद, बाहुलीचा हौद, साततोटी, पंचहौद ही नावे आज चौकांची आणि रस्त्यांची झाली आहेत. पुढे नाना फडणविसांनी नऱ्हे-आंबेगावच्या बाजूने दुसरा नळ आणून सदाशिव पेठेच्या हौदात सोडला. जड आडांच्या शहरात डोंगराचे हलके पाणी दाराशी आले, ही त्या काळच्या सरकारची मोठीच कामगिरी होय.

पण दाराशी आले ते कोणाच्या? हौद सार्वजनिक म्हणावेत, तर त्यांच्या काठावर उभे राहण्याचा अधिकार जातीने ठरलेला. अस्पृश्य मानलेल्या माणसाने हौदाला हात लावायचा नाही, वरच्या जातीच्या कोणी दुरून ओतले तर घ्यायचे, नाहीतर नदी-ओढा गाठायचा. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद या लोकांना खुला केला, तेव्हा त्यांनी समाजाला दिलेला धक्का आपण नेहमी सांगतो. त्यांनी जे प्रत्यक्ष दिले ते पाणी होते, आणि तेही हाताने काढून घेता येणारे, हे मात्र सांगायचे राहून जाते.

इंग्रजी अमलात प्रथम १८५० च्या सुमारास सर जमशेटजी जीजीभाई यांच्या मोठ्या देणगीतून मुळा-मुठेवर बंधारा झाला. देणगी उदार होती यात शंका नाही, पण जागा संगमाच्या खाली. म्हणजे शहराचे नाले पोटात घेऊन पुढे आलेली नदी तेथे अडवायची आणि तिचेच पाणी वर चढवायचे. हलकेपणाने पाहिले तर ते पाणी चालण्यासारखे होते, आणि इतर सर्व दृष्टींनी त्याची जागा चुकलेली होती. ही चूक दुरुस्त झाली ती कर्नल फाइफ यांच्या खडकवासल्याच्या धरणाने. १८६९ च्या सुमारास सुरू झालेले हे दगडी धरण दहाएक वर्षांनी पुरे झाले, त्याच्या जलाशयाला फाइफ यांचेच नाव मिळाले, आणि उजव्या तीरावरचा कालवा पर्वतीच्या पायथ्याजवळून हडपसरकडे वाहू लागला. धरण शेतीसाठीही होते, शहरासाठीही. परंतु शहराला मिळणारे पाणी उघड्या कालव्यातून येई, आणि उघड्या कालव्यात म्हैस, धुणे आणि पोहणारी पोरे यांना मज्जाव करण्याइतका बंदोबस्त कोणत्याही सरकारजवळ नसतो.

येथे त्या घरगुती परीक्षेची मर्यादा उघडी पडते. पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, साथी पुण्याला नव्या नव्हत्या. पंढरीच्या वाटेवरचे हे शहर, वारीबरोबर रोगही येई. जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कोख यांनी १८८४ साली कलकत्त्याच्या तळ्याच्या पाण्यात पटकीचे जंतू दाखवले, तेव्हा जे सिद्ध झाले ते डाळीला कधीच कळले नसते: अत्यंत हलके, गोड, निवळशंख पाणी माणसाला दोन दिवसांत मारू शकते, आणि आडाचे जड, मचूळ पाणी एखादा जन्मभर पिऊन धडधाकट राहतो. त्या वेळच्या समाजाजवळ पाणी जोखण्याची दोन मापे होती, एक पातेल्यातले आणि दुसरे जातीचे. पहिले निदान काहीतरी मोजत होते. दुसऱ्याने जंतू कधी अडला नाही, माणसे मात्र अडली; इतकी की पंचहौदच्या ख्रिस्ती मिशनमधला १८९० सालचा चहा टिळक-रानड्यांसारख्यांना प्रायश्चित्तापर्यंत घेऊन गेला. तो चहा कोणत्या पाण्याचा केला होता, याची चौकशी कोणी केली नाही. कोणाच्या हातचा, एवढीच झाली.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि त्या लोंढ्याखाली खडकवासलेही गेले, तेव्हा नदीकाठच्या पेठा पाण्यात बुडाल्या आणि शहराचे नळ कोरडे पडले. बुजत आलेले आड लोकांनी उपसले, रहाट पुन्हा करकरले. दोन पिढ्यांनी प्रथमच आडाच्या पाण्यात स्वयंपाक करून पाहिला, आणि वाड्यावाड्यांतल्या म्हाताऱ्यांनी चिमूटभर सोडा टाकून डाळ शिजवण्याची युक्ती सुनांना शिकवली.

आता परिस्थिती अशी आहे की ज्यांच्या नळाला खडकवासल्याचे पाणी येते ते पुणेकर अजून हलके पाणी पितात, आणि त्यांच्याभोवती जे दुसरे पुणे पसरले आहे ते पुन्हा खडकातल्या पाण्यावर जगते. १९९७ साली अनेक आणि २०२१ साली आणखी तेवीस गावे महापालिकेच्या हद्दीत आली. हद्द एका हुकुमाने सरकते, जलवाहिनी तशी सरकत नाही. मग शेकडो फूट खोल विंधनविहिरी आणि टँकर. नव्या इमारतींच्या स्नानगृहात जा: तोटीच्या तोंडाशी पांढरी खपली, काचेवर न जाणारे ठिपके, गीझरच्या कांडीवर बोटाएवढा चुन्याचा लेप. बंबातला तोच थर, पण आता तो काढायला महिन्याला माणूस बोलवावा लागतो. गृहसंस्था पाणी मृदू करणारी यंत्रे बसवतात, त्यांत मिठाची पोती ओततात. यंत्रातली राळ चुना धरून ठेवते आणि त्याच्या बदली सोडियम सोडते. हे काम विसाव्या शतकाच्या आरंभी झिओलाइटकडून करून घेत असत, आणि पुण्याच्या आसपासच्या खाणींत फोडलेल्या कातळाच्या पोकळीतून निघणारे झिओलाइटचे सुंदर स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत.

ज्या नऱ्हे-आंबेगावच्या बाजूने नाना फडणविसांनी सदाशिव पेठेला पाणी दिले, तेथे उन्हाळ्यात टँकरची रांग लागते.