एक विषय, तीन नांवें

निजामी अमदानीच्या अखेरच्या तीस वर्षांत भूमसारख्या मराठी गांवांतील मुलगा वरच्या शिक्षणासाठीं बाहेर पडला, म्हणजे गणिताच्या एकाच शाखेचीं तीन नांवें त्याच्या वाट्याला येत. मायबोलींतलें ‘बीजगणित’, उर्दू वर्गांतलें ‘जब्र-ओ-मुकाबला’ आणि इंग्रजी पुस्तकांतलें ‘अल्जेब्रा’. विषय एक, ओझीं तीन!

१९१७ सालीं निजाम मीर उस्मान अली खान यांनीं उस्मानिया विद्यापीठाचा हुकूम काढला. त्याच वर्षीं तेथील भाषांतर विभाग इंग्रजी शास्त्रीय संज्ञांना उर्दू प्रतिशब्द देऊं लागला. इंग्रजी हा आवश्यक विषय राहिला. देशी भाषेंत उच्च शिक्षण द्यावें, हा विचार खरोखरच मोठा होता. परंतु संस्थानांतील बहुसंख्य प्रजेची भाषा तेलुगू, मराठी अथवा कानडी. भूमच्या मुलाला उर्दू ही पायरी न होतां वाटेंतला आणखी एक घाट ठरली.

त्यांत उर्दूंत ‘जब्र’ म्हणजे बळजबरी. समीकरण सोडविण्यांत बळजबरी ती कसली? उलगडा अरबींत आहे. ‘अल्-जब्र’ म्हणजे मोडलेलें सांधणें. वजा राशी दुसऱ्या बाजूस नेऊन समीकरण पुरें करणें. नवव्या शतकांत बगदादेस अल्-ख्वारिझ्मी यांनीं आपल्या ग्रंथाच्या नांवांत हा शब्द घातला. ११४५ मध्यें त्याचें लॅटिन भाषांतर झालें आणि तोच शब्द पुढें इंग्रजींत ‘अल्जेब्रा’ झाला. म्हणजे वर्गांतले उर्दू व इंग्रजी शब्द एकाच आईचीं लेकरें! पण कोणी सांगितल्यावांचून हें नातें मुलाला कळावें कसें?

चीनमध्यें निराळी वाट धरली गेली. १८५९ सालीं ली शानलान व अलेक्झांडर वायली यांनीं डी मॉर्गनच्या पुस्तकाचें भाषांतर करतांना इंग्रजी उच्चार उचलला नाहीं. ‘संख्येच्या जागीं दुसरें चिन्ह’ अशा अर्थाचा ‘दाय्-शू’ हा शब्द त्यांनीं योजला. चिनी विद्यार्थ्याला अर्थ आधीं भेटला. इंग्रजी शब्द मागाहून आला. मराठीला तर भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकांतील ग्रंथाचेंच नांव हातीं होतें.

सप्टेंबर १९४८ मध्यें निजामी राजवट संपली. १९५८ सालीं औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें. मधला घाट गेला. इंग्रजी शब्द राहिला, आणि तो शिकणें इष्टच. मात्र अवघड शब्द पाठांतरानें जिभेवर बसतो. मनांत बसतो तो मायबोलींत त्याला घर मिळाल्यावरच.